या भिंतीवर स्लॅब बसेल का?

सिव्हिलला अ‍ॅडमिशन मिळाली की गावाकडच्या लोकांच्या लेखी आपण त्याच दिवशी इंजिनिअर झालेलो असतो! दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलं की कोणी काका, कोणी मामा, कोणी शेजारचे अण्णा हमखास गाठतात. "काय इंजिनिअर, माळवद काढून स्लॅब टाकायचा म्हणतोय. बसंल का रं ह्या भिंतीवर?" तोपर्यंत आपली मजल सिम्प्ली सपोर्टेड बीमपर्यंतच गेलेली असते. मग "बघू, सरांना विचारतो" म्हणून वेळ मारून न्यायची. अण्णा मात्र थांबत नाहीत. ते मिस्त्रीला विचारतात आणि मिस्त्री म्हणतो, "बसतंय की!"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्या छताखाली रात्री माणसं झोपतात. म्हणून या लेखात या एकाच प्रश्नाचं उत्तर जरा नीट शोधू या.

माळवद म्हणजे नक्की काय?

उदाहरणासाठी दक्षिण सोलापूर तालुक्यातलं होटगी घेऊ. मुंबई-चेन्नई रेल्वेमार्गावरचं हे जंक्शन, इथून विजयपूर-गदगकडे फाटा फुटतो. गावाजवळ अल्ट्राटेकचा सिमेंट दळण्याचा कारखाना आहे. शेजारी फताटेवाडीला एनटीपीसीचं औष्णिक वीज केंद्र आहे, ६६० मेगावॉटचे दोन संच. म्हणजे सिमेंट दारात आणि राखही दारात! तरीही या पट्ट्यातल्या गावांच्या जुन्या भागात गेलात तर दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं सपाट छत अशी घरं अजून दिसतात. हेच माळवद, म्हणजेच धाब्याचं घर.

त्याची रचना खालून वर अशी असते. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि सगळ्यात वर पांढरी माती, दाबून, चोपून. भिंत दोन-अडीच फूट जाड. बाहेरून दगडाचा एक पदर, आतून दुसरा, मधे माती आणि दगडाच्या चिपा. जोडायला सिमेंट नाही, चुना असला तर दर्शनी भागात.

ही रचना अडाण्याची नाही. सोलापूरचा उन्हाळा ४३-४४ अंशांपर्यंत जातो आणि जाड माती व जाड भिंत दुपारची उष्णता आत पोचायलाच उशीर लावतात. पाऊस तसा कमी, त्यामुळे मातीचं छत चालून जातं. माळ आणि नदीकाठ यांतून जे मिळालं त्यातून घर झालं. गाडीभाडंसुद्धा लागलं नाही. आज आपण ज्याला सस्टेनेबल मटेरियल म्हणतो ते हेच!

अडचण पुढे सुरू होते. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर छत गळू नये म्हणून वर नवी माती टाकतात. जुनी काढत नाहीत. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, आता आपण टाकतो. सहा इंचांचं माळवद बघता बघता दीड फुटाचं होतं.

चला, हिशेब करू

एक खोली धरू, १० फूट बाय १२ फूट. क्षेत्रफळ साधारण ११ चौरस मीटर. मातीचा थर दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर. चोपलेल्या कोरड्या मातीची घनता घनमीटरला सुमारे १७०० किलो. म्हणजे चौरस मीटरला साधारण ७६५ किलो आणि पूर्ण खोलीवर साडेआठ टन! सोलापुरात सर्वांत जास्त पाऊस पडतो सप्टेंबरात. माती भिजली की हाच आकडा दहा टनांच्या आसपास जातो. दहा टन म्हणजे भरलेला ट्रक. तो डोक्यावर ठेवून आपण झोपतो.

आता स्लॅब. ५ इंची आरसीसी स्लॅब, वरचा कोबा-फरशी धरून चौरस मीटरला साधारण ४०० किलो. खोलीवर साडेचार टन.

म्हणजे हिशेब तर स्लॅबच्या बाजूने निघाला! मिस्त्री बरोबर बोलला म्हणायचा की काय?

इथेच खरी मेख आहे. वजन किती हे जितकं महत्त्वाचं, तितकंच ते जमिनीपर्यंत कोणत्या वाटेनं जातं हेही महत्त्वाचं. खांबांच्या घरात माळवदाचं वजन तुळयांतून खांबांवर आणि खांबांतून जमिनीत जातं. भिंत त्या वजनाला हातही लावत नाही, ती फक्त आडोसा आहे. खांब काढून स्लॅब टाकला की तेच वजन, कमी का असेना, पहिल्यांदाच भिंतीवर येतं. आणि ही भिंत कशी? दोन सुटे पदर आणि मधे माती! शिवाय स्लॅब म्हणजे एकसंध ताट. जमीन हलली तर तो भिंतीचा माथा आपल्याबरोबर ओढतो. भिंतीचे पदर फाकले की तो पूर्णच्या पूर्ण खाली येतो.

काही घरांत कड्यांची टोकं सरळ भिंतीतच घातलेली असतात. तिथे भिंत आधीपासून वजन घेते आहे. म्हणून अण्णांना उत्तर देण्याआधी पहिलं काम एकच : वजन कुठून कुठे जातंय ते बोट ठेवून शोधा. वर्गात याला लोड पाथ म्हणतात आणि आपण दोन मार्कांसाठी पाठ करतो!

किल्लारीनं काय शिकवलं?

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीचा भूकंप सुमारे ६.२ रिश्टरचा. जगात याहून मोठे भूकंप होऊनही कमी माणसं दगावल्याची उदाहरणं आहेत. इथे सुमारे आठ हजार माणसं गेली. बहुतेक जण झोपेत, घराखाली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) या दोन जिल्ह्यांना सर्वांत मोठा तडाखा बसला. त्यातलं धाराशिव तर सोलापूरला लागूनच.

नंतर इंजिनिअरांनी पडलेली घरं पाहिली तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक, दगडी भिंतींचे दोन पदर एकमेकांपासून सुटून आत-बाहेर कोसळले होते, कारण त्यांना बांधणारा आरपार दगडच नव्हता. दोन, जिथे छत चांगल्या लाकडी खांबांच्या चौकटीवर होतं तिथे भिंती पडूनही बऱ्याच ठिकाणी छत उभं राहिलं होतं. खालची माणसं वाचायला त्यामुळे जागा उरली.

सरकारनं जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसन हाती घेतलं. ५२ गावं नव्यानं वसवली. पण त्याहून मोठं काम होतं ते उभ्या घरांच्या दुरुस्तीचं आणि बळकटीकरणाचं. ते दोन जिल्ह्यांपुरतं नव्हतं. सोलापूरसह आजूबाजूच्या जिल्ह्यांतही ते झालं. २००२ च्या सुधारित भूकंप नकाशात सोलापूर विभाग ३ मध्ये आलं. म्हणजे "आपल्याकडं कुठला भूकंप?" असं म्हणायची सोय राहिली नाही.

त्या दुरुस्तीच्या कामाचा सारांश तीन शब्दांत सांगता येतो : हलकं करा, बांधा, कोरडं ठेवा.

हलकं करा

माळवद पूर्ण काढायलाच हवं असं नाही. कड्या-तुळया शाबूत असतील तर जुनी माती उतरवून, जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरून, वर फक्त १५ सेंटिमीटर माती परत घाला. वरच्या हिशेबानं त्या एका खोलीवरचे साडेपाच टनांहून जास्त वजन कमी झालं! प्लॅस्टिकमुळे गळती थांबते, म्हणून दरवर्षी नवी माती टाकायची गरज राहत नाही. आणि घराचा गारवा बराचसा टिकतो. नुसता पत्रा टाकला तर वजन जवळपास शून्य, पण मे महिन्यात आत भट्टी! पत्राच टाकायचा असेल तर खाली छताचा दुसरा थर आणि मधे हवा खेळायला जागा ठेवा.

लाकूड शाबूत आहे का, हे पटाशीनं टोचून पाहा. खांबाचं बूड आणि भिंतीत गेलेलं कडीचं टोक या दोन जागा आधी, कारण ओल आणि वाळवी तिथेच धरते. पटाशी लोण्यात गेल्यासारखी आत गेली तर तो तुकडा बदलायचा, नुसता रंग मारायचा नाही.

आणि हो, माळवदावर पाण्याची टाकी ठेवू नका. हजार लिटर म्हणजे एक टन, तोही एकाच जागी.

उतरवायचं कसं?

१५ जून २०२३ ला होटगी रस्त्यावरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची उंच चिमणी पाडली, तेव्हा आधी परिसर रिकामा केला होता, बंदोबस्त लावला होता. माळवद पाडताना मात्र चार माणसं, दोन टिकाव आणि खाली खेळणारी पोरं! उंची कमी असली तरी दहा टन ते दहा टनच.

पाडकामाच्या सुरक्षेसाठी आय.एस. ४१३० हे मानक आहे. त्याचं सूत्र सोपं आहे : जे शेवटी बांधलं ते आधी उतरवायचं. म्हणजे क्रम असा :

१) घर पूर्ण रिकामं. त्या खोलीत आणि तिच्या भिंतीला लागून बाहेरही कोणी थांबायचं नाही. शेजाऱ्याची सामाईक भिंत असेल तर त्यालाही सांगायचं.

२) वीज मीटरपासून बंद. जुन्या कडीवरून गेलेली वायर टिकावाखाली आली की संपलं.

३) तुळयांना खालून टेकू. भिंतीला पोट आलं असेल तर तिलाही बाहेरून तिरके टेकू. ओळंबा सोडून पाहिलं की पोट लगेच कळतं.

४) मग माती. मधूनच खड्डा पाडायचा नाही. दोन्ही बाजूंनी सारखी, थराथरानं काढायची आणि लगेच खाली उतरवायची. वरच एका कोपऱ्यात ढीग घातला तर तो कोपराच खाली येईल. उभं राहायला कड्यांवर आडव्या फळ्या टाका.

५) मग फळ्या, कड्या, तुळया. खांब आणि भिंत सगळ्यात शेवटी. भिंत वरून एकेक थर काढायची. पायाशी पहार घालून ढकलायची नाही.

पावसाळ्यात हे काम काढू नका. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. उन्हाळ्यातच करावं लागलं तर सकाळी लवकर सुरू करून अकरापर्यंत आटपा. बिगाऱ्याला ऊन लागलं तर तो परांचीवरून पडतो, हेही अपघाताचंच कारण आहे.

बांधा

भिंत ठेवायची असेल तर तिचे दोन पदर एकमेकांना शिवायला हवेत. नव्या बांधकामात दर ६० सेंटिमीटर उंचीला आणि आडवं जास्तीत जास्त १.२ मीटर अंतरावर आरपार दगड बसवायचा, असं आय.एस. १३८२८ सांगतं. जुन्या भिंतीत काय करायचं? साधारण मीटरभर अंतरानं, एका वेळी एकच, दगड हळूच काढून आरपार भोक करायचं. त्यात दोन्ही टोकांना आकडा असलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं. झाला आरपार दगड! शेजारची दोन भोकं एकाच दिवशी पाडायची नाहीत, इतकंच पथ्य.

मग भिंतीच्या माथ्यावर आरसीसीचा पट्टा. चारही भिंतींवरून न तुटता फिरणारा, कोपऱ्यात सळया वळवून पुढे नेलेल्या. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते ना, तसंच हे. चाक लाकडाचं, पण धावेमुळे ते उलगडत नाही.

कोरडं ठेवा

मातीच्या भिंतीचा खरा शत्रू पाणी. हल्ली दुरुस्ती म्हटलं की घरात संडास-बाथरूम आलंच आणि ते हवंच. पण पाईप जुन्या भिंतीत गाडला आणि सांधा गळला तर बुडाची माती वाहून जाते, वरून काही दिसत नाही. म्हणून पाईप भिंतीबाहेरून, दिसतील असे न्या. घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेला फरशीचा पट्टा करा. आपल्याकडे शहाबादी फरशी आहेच. पन्हाळीचं पाणी भिंतीपासून दूर पडू द्या. जमीन काळी असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते आणि पाया उचलून तडे पाडते.

मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा कडक गिलावा करणं हीसुद्धा चूकच. आतली ओल अडकते आणि काही वर्षांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. चुन्याचा गिलावा भिंतीला श्वास घेऊ देतो.

धूळ, पत्रे आणि वायर

धोके फक्त वरून पडत नाहीत. फरशी किंवा दगड कटरनं कोरडा कापला की सिलिकाची बारीक धूळ उडते. ती फुफ्फुसात बसली की बाहेर निघत नाही. तोंडाला गमछा बांधून ती अडत नाही, पाणी सोडत कापायचं आणि एन-९५ मास्क वापरायचा. मात्र पाणी आणि वीज एकत्र आली, म्हणून बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. प्लगऐवजी वायरची टोकं काडीनं खोचून कटर चालवणारे सगळ्यांनीच पाहिलेत. पहिल्या दिवशी प्लग आणून द्या, त्याला खर्च किती तो?

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते फोडायचे नाहीत, कापायचे नाहीत. ओले करून, बोल्ट सोडवून अख्खे उतरवायचे. जुन्या दारांच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून लागू झाली, दार त्याआधीचं असणार. कोरडा पॉलिशपेपर मारू नका, ओला मारा, आणि लहान मुलांना तिथून लांब ठेवा.

काढलेलं जातं कुठे?

जेसीबीनं घर पाडलं की दोन तासांत काम होतं, पण हाती येतो तो नुसता राडारोडा. माती, दगड, मोडकं लाकूड, सगळं एकत्र. तो ओढ्यात नाहीतर रस्त्याकडेला पडतो. २०१६ मध्ये बांधकामाच्या राडारोड्यासाठी देशात स्वतंत्र नियम आले, पण खेड्यात खरा नियम घरमालकच पाळू शकतो.

तेच घर वर सांगितलेल्या क्रमानं हातानं उतरवलं तर? दगड अख्खा मिळतो, तो पुन्हा भिंतीत किंवा जोत्यात बसतो. सागवानी तुळई मिळते, तशी आज बाजारात घ्यायला गेलं तर डोळे पांढरे होतात! पांढरी माती चाळून पुन्हा छतावर जाते. विटांचे तुकडे फरशीखाली भरावाला जातात. म्हणजे जी पद्धत माणसं वाचवते तीच सामानही वाचवते. सुरक्षितता आणि पर्यावरण हे आपल्या सिलॅबसमध्ये दोन वेगळे चॅप्टर असतील, पण माळवद उतरवताना ते एकच काम आहे.

नवं लागेल तिथे जवळचं घ्या. एक टन क्लिंकर भाजताना साधारण ०.८ ते ०.९ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पीपीसी सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख असते, तेवढा क्लिंकर वाचतो. आडोशाच्या नव्या भिंतीला राखेच्या विटा चालतात, त्यासाठी भट्टी पेटवावी लागत नाही. पण राखेच्या सिमेंटची एक अट आहे, ते ताकद हळू धरतं. आय.एस. ४५६ नुसार कोरड्या, गरम हवेत अशा काँक्रीटला १४ दिवस पाणी मारावं. आपल्याकडे पाणी कमी, म्हणून पाईप सोडून देण्याऐवजी ओली पोती अंथरा, वरून प्लॅस्टिक झाका. कमी पाण्यात जास्त ओल. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू निदान ७ दिवस काढायचे नाहीत, राखेच्या सिमेंटला त्याहून जास्तच द्या. सेंट्रिंगवाला दुसऱ्या साइटची घाई करेल. करू दे!

तर मग, अण्णांना काय सांगायचं?

"अण्णा, ह्या भिंतीवर स्लॅब नको. स्लॅबच हवा असेल तर त्याला स्वतःचे कॉलम आणि स्वतःचा पाया द्या, भिंतीला नुसती भिंत राहू द्या. तेवढे पैसे आत्ता नसतील तर यंदा माळवदावरची माती उतरवा आणि भिंत बांधून घ्या. पैसे जमले की पुढचं बघू." आणि पोट आलेली भिंत, फाटलेला कोपरा किंवा वाकलेली तुळई दिसली तर आपली हुशारी बाजूला ठेवून सरळ स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायला सांगायचं. त्याची फी एका खोलीच्या फरशीपेक्षा जड नसते.

आपण अजून पास व्हायचे आहोत हे खरं. पण ओळंबा सोडायला, मातीचा थर मोजायला आणि लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी गुणिले घनता करायला डिग्री लागत नाही. या सुट्टीत गावी गेलात तर टेप घेऊन एकदा माळवदावर चढा, पण कडेकडेनं आणि खाली कोणी नसताना! थर एक फुटाच्या वर निघाला तर आकडा काढून घरच्यांसमोर ठेवा. "वर दहा टन आहेत" हे वाक्य ऐकल्यावर पावसाळ्याआधी फावडं आपोआप हातात येतं.